पावणेअकराचा भूकंप

सर्व संबंधितांना गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, प्रस्तुत लेखकाने आजवर पाहिलेल्या माणसांपैकी सर्वांत भित्रा माणूस हा भूकंपाचा शास्त्रज्ञ होता, आणि तोच लेखकाचा गुरू होता. सदर माहिती लेखकाने बरीच वर्षे दडवून ठेवली होती. ती आज जाहीर करण्यात येत असून, तिच्यामुळे कोणाच्या मनात भीती निर्माण झाल्यास लेखक त्यास पूर्णपणे जबाबदार राहील. वाचकांनी कृपया दाराजवळ बसावे.

दाराजवळ बसायचं हे सरांचंच. लग्नात ते मांडवाच्या शेवटच्या खांबाला टेकून जेवायचे. बँकेत रांगेत उभे राहण्याआधी बाहेर पडायची वाट पाहून ठेवायचे. कॉलेजच्या बैठकीत त्यांची खुर्ची उंबऱ्यावर असायची, एक पाय आत, एक बाहेर. प्राचार्य म्हणायचे, "सर, आत या ना." सर आतला पाय उचलून दाखवायचे. "आतच हाय की."

भूकंप सोडून इतर गोष्टींनाही ते भीत. कुकरच्या शिट्टीला भीत, पालीला भीत, लेखापरीक्षकाला भीत, फोन वाजला तर त्याला भीत. त्यांच्या टेबलावर स्टीलचा एक पेला असायचा, पाण्यानं काठोकाठ भरलेला. पिण्यासाठी नव्हे. जमीन हलली तर पाणी सांडणार आणि सरांना कळणार. त्यांच्या खोलीत आम्ही सगळे मांजरासारखे चालायला शिकलो होतो. एकदा नवीन शिपाई ते पाणी पिऊन गेला. सर आले, त्यांनी अर्धा पेला पाहिला, आणि पुढच्या तीन मिनिटांत बी. एस्सी.चा अख्खा वर्ग मैदानात उभा होता. शिपाई हात जोडून म्हणाला, "सर, तहान लागलती." त्यानंतर पेल्याला चिठ्ठी चिकटली: हे पाणी नाही, यंत्र आहे.

अंबाजोगाईच्या आमच्या कॉलेजात विद्यापीठाचं एक छोटं संशोधन केंद्र होतं. तिथं येण्याआधी सरांनी परराज्यातल्या एका सरकारी प्रयोगशाळेत उमेदीची वर्षं काढली होती. त्या प्रयोगशाळेचं नाव ते कधी घेत नसत. फक्त 'तिकडं' म्हणत. आमचं विद्यापीठ म्हणजे 'इकडं'. जगात एवढे दोनच पत्ते होते.

तिकडची शिस्त त्यांच्या हाडात मुरली होती. केंद्रात शास्त्रज्ञ ते एकटेच, पण कपाटाची किल्ली हवी असली की ते स्वतःलाच अर्ज लिहायचे. मग उठून समोरच्या खुर्चीत बसायचे, अर्ज वाचायचे, समासात 'किल्ली कशासाठी?' असा शेरा मारायचे, पुन्हा मूळ खुर्चीत येऊन खुलासा लिहायचे. दोनदा तर त्यांनी स्वतःला किल्ली नाकारली. मी हसलो तेव्हा म्हणाले, "हसू नको. दोन्ही बारीला कारण बरोबर होतं."

सरांची आणखी एक खूण सांगायला हवी, कारण पुढं ती उपयोगी पडणार आहे. ते धीट असले की पुस्तकातलं मराठी बोलत. भ्याले की आपल्या गावचं. त्यांचे वडील मेंढरं घेऊन बालाघाटच्या डोंगरात हिंडणारे. वर्षातले साडेअकरा महिने आम्ही सरांच्या तोंडून डोंगरातलं मराठीच ऐकायचो.

टपरीवर चहा घेताना मी त्यांना मुद्दाम छेडायचो. "सर, संशोधनाला चांगलं कुठलं? तिकडं का इकडं?"

"तिकडं," सर बशीत चहा ओतत म्हणायचे, "यंत्र असं की मुंगी शिंकली तरी सुई हालंल. गार खोली. पेपर तपासायचे न्हाईत, हजेरी घ्यायची न्हाई. दिवसभर सुईकडं बघत बस, कुनी कावून म्हनून ईचारनार न्हाई. लई सुख. फकस्त सुई हालली तर बोलायचं न्हाई. तोंड उघडायला वरून परवानगी लागती. परवानगी येईस्तोवर जमीन काय थांबत न्हाई."

"आणि इकडं?"

"इकडं पायजे तितकं बोल. बोलायचाच पगार हाय. यंत्र तेवढं न्हाई."

"मग भीती कुठं जास्त?"

हा प्रश्न त्यांच्या खास आवडीचा. बशी खाली ठेवून, आजूबाजूला पाहून ते सांगायचे, "तिकडं एकाच मानसाला भ्यायचं, पर लई भ्यायचं. इकडं समद्यांना थोडं थोडं भ्यायचं. प्राचार्याला, तपासणी समितीला, संस्थेच्या अध्यक्षाच्या मेव्हन्याला, परीक्षेत मागच्या बाकावर बसलेल्या पोराला. बेरीज काढली तर सारखीच निघती."

मी तेव्हा तिशी ओलांडलेला आणि तासिका तत्त्वावर होतो. म्हणजे तासाला घंटा झाली की प्राध्यापक, पुढची घंटा झाली की कोणीच नाही. सरांच्या हाताखाली पीएच. डी. करत होतो. आणि एके दिवशी मला पत्र आलं, थेट तिकडून. सरांच्याच जुन्या प्रयोगशाळेत कायम नेमणूक. तीस दिवसांत हजर व्हावे.

बायकोनं पत्र दोनदा वाचून एकच विचारलं, "क्वार्टर दोन खोल्यांचं का तीन?" मी पेढे घेऊन सरांकडं गेलो. सरांनी पत्र वाचलं, तसेच उठून बाहेर मैदानात गेले, आणि मोकळ्या आकाशाखाली उभं राहून त्यांनी ते पुन्हा वाचलं.

"सर, जाऊ का राहू?"

"मला ईचारू नको. मी भेत भेत हिकडं आलतो. तू भेत भेत तिकडं जाशील. कुटली भीती तुला पेलंल, तेवढंच बघ. अजून तीस दिवस हायेत."

त्या तीस दिवसांतच भूकंप झाला. म्हणजे, मी केला.

घाटनांदूरच्या अलीकडं एक वाडी आहे. दिवाळी झाली की तिथली धडधाकट माणसं ऊसतोडीला जातात आणि मागं म्हातारे आणि शाळेची लेकरं राहतात. त्या वर्षी वाडीत जमिनीखालून आवाज यायला लागले. रिकामा हौद कुणी फरशीवरून ओढत न्यावा तसे. आमच्या भागात किल्लारीनंतर हा आवाज कुणी हसण्यावारी नेत नाही. एखाद्या घरात हंडा पडला तरी शेजारचे अंगणात येतात.

सरांकडं एकच यंत्र होतं. तिकडच्यांनी भंगारात काढून कॉलेजला दिलेलं, सरांनी दोन वर्षं खपून चालू केलेलं. फिरत्या रुळावर कागद, कागदावर सुई. दिवसाला एक कागद. ते आम्ही वाडीच्या शाळेतल्या टोकाच्या खोलीत बसवलं. रोज सकाळी, सुट्टी असली तरी, तिथले गुरुजी कागद बदलणार, आणि दर रविवारी मी जाऊन आठवड्याचे कागद आणणार असं ठरलं. रविवारीच, कारण बाकी सहा दिवस मला तास होते आणि तास बुडाला तर तेवढा मी बुडत होतो.

तिसऱ्या रविवारी दुपारी रिकाम्या शाळेत बसून मी तीन आठवड्यांचे, तोवर पिशवीतच पडलेले कागद उलगडले आणि ताडकन उभा राहिलो. रोज पावणेअकराला सुई पिसाळत होती. बरोबर बारा मिनिटं. सोमवारी, मंगळवारी, बुधवारी, रोज. घड्याळ लावून येणारा भूकंप! असा भूकंप जगात कुणी पाहिला नव्हता. मी भ्यालो होतो, पण खोटं कशाला बोलू, त्या भीतीला आतून गुदगुल्याही होत होत्या. या एका शोधावर तिकडचेही सलाम करणार होते आणि इकडचेही.

आणि तेवढ्यात तो आवाज आला. पायाखालून. खडूंची पेटी टेबलावर खुळखुळली, फळ्यावरचा खिळा थरथरला, आणि मग अशी शांतता झाली की मला माझी लाळ गिळल्याचं ऐकू आलं. मी दारापर्यंत पळालो. मग परत येऊन त्या दिवसाचा कागद पाहिला. त्यावर केसाएवढी एक रेघ होती. पावणेअकराच्या त्या जंगलापुढं ती इतकी दरिद्री दिसत होती की मी कागद घडी करून टाकला.

सर धर्मापुरीला नात्यातल्या लग्नाला गेले होते आणि फोन बंद होता. मला धीर धरवेना. माझा एक वर्गमित्र स्थानिक वर्तमानपत्रात बातमीदार होता. त्याला मी फक्त 'तुझ्या कानावर असू दे' म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर: रोज पावणेअकराला भूकंप, शास्त्रज्ञांचा दावा. शास्त्रज्ञ म्हणजे मी. घंटा होईपर्यंत.

वाडीत हाहाकार उडाला. म्हाताऱ्यांनी बाजली खळ्यात आणली. लेकरांना कुणी शाळेत पाठवेना. उसाच्या फडातून आयांचे फोन, "आत्याबाई, पोराला भिताडापाशी जाऊ देऊ नका." दोन टोळ्या तर कोयते टाकून परत निघाल्या. आणि दोन दिवसांनी मी गुरुजींना फोन केला तर म्हणाले, सुई गप आहे. हे गुरुजी विचारलं तेवढंच सांगणारे. मी जाहीर केलं, धोका टळला. लेकरं शाळेत परतली. त्याच दिवशी पावणेअकराला सुई पुन्हा पिसाळली, आणि आता वाडीला खात्री पटली की भूकंप दम खायला थांबला होता.

सर आले. बातमी वाचून ते आधी मैदानात जाऊन आले. मग त्यांनी सगळे कागद खोलीत जमिनीवर अंथरले आणि एक पाय उंबऱ्याबाहेर ठेवून बराच वेळ पाहत राहिले. बोलले तेव्हा मी दचकलो, कारण ते शुद्ध पुस्तकी होतं.

"रविवारी हा येत नाही?"

"नाही सर."

"सणाला?"

"सणालाही नाही."

"रविवारी सुट्टी, सणाला सुट्टी, वेळेवर हजर. हा भूकंप आहे का सरकारी कर्मचारी?" त्यांनी गुरुजींना फोन लावला. "गुरुजी, पावणेअकराला तुमच्या शाळेत काय असतं?"

"लेझीम, सर. सव्वीस जानेवारीची तयारी. एकशे दहा लेकरं. त्या खोलीच्या मागंच घेतो."

"हे तुम्ही आमच्या माणसाला सांगितलं नाही?"

"त्यांनी ईचारलं न्हाई. आन् ते येत्यात रविवारी."

सरांनी फोन ठेवला. "तिकडं यंत्राची जागा ठरवायला सात जणांची समिती असते," ते म्हणाले. "सहा महिने लावते. पण त्या सातांतला एक तरी सोमवारी जाऊन आला असता."

मला तिथंच जमीन दुभंगावी असं वाटलं, आणि आमच्या विषयात ही इच्छा फार गंभीर समजली जाते. पण सर हसत नव्हते. त्यांनी रविवारचा कागद उचलून उजेडात धरला होता.

"हे काय?"

"ती... बारीक रेघ आहे सर. आवाज आला होता तेव्हाची."

"तू व्हतास तितं?"

"होतो."

"शाळा बंद व्हती?"

"होय."

टेबलावरच्या पेल्याकडं त्यांनी एकदा पाहिलं. "म्हंजी लेझमीचं खोटं, आन् ह्ये खरं," ते हळूच म्हणाले.

हजर व्हायला नऊ दिवस उरले होते. लेझमीला भूकंप म्हणणारा माणूस तिकडच्यांना कळला तर? मी घाईनं तहसीलमधल्या साहेबांना फोन केला आणि वाक्यसुद्धा मीच सुचवलं: यंत्रातील बिघाडामुळे चुकीची नोंद झाली असून ग्रामस्थांनी घाबरण्याचे कारण नाही. साहेबांना ते इतकं आवडलं की त्यांनी शनिवारी सकाळी वाडीत बैठकच लावली. खाली आम्हा दोघांच्या सह्या.

शनिवारी एसटीत सर संकटकाळी बाहेर पडायच्या खिडकीला लागून बसले. मी त्यांना मसुदा दाखवला. त्यांनी वाचला. मग खिडकीची दांडी घट्ट धरली.

"ह्ये वाक्य म्या एकदा लिवलंय," ते म्हणाले. "तिकडं असताना. असंच एक गाव, असाच आवाज. सुईवर आलतं. मला कळत न्हवतं ते काय हाय. तसं लिवलं तर साहेब म्हनले, शास्त्रज्ञाला कळत न्हाई असं कागदावर चालत न्हाई. मग म्या ह्ये लिवलं. घाबरन्याचे कारन नाही. सही केली. गावात एक म्हातारा व्हता, मला शेळीच्या दुधाचा च्या पाजायचा. तवा बाजलं भाईर टाकून झोपायचा. माझी सही बघून त्यानं बाजलं परत माळवदाखाली नेलं."

मी मसुदा घडी करून खिशात घातला.

"मग जमीन हालली. भिताड पडलं. बाजलं धड निघालं. म्हातारा न्हाई." एसटी एका खड्ड्यात आदळली आणि सरांनी डोळे मिटून घेतले. "साहेबानं मला धा बारी समजावलं, भूकंप कुनालाच आधी कळत न्हाई, तुझी चूक न्हाई. बरोबर हाय. चूक न्हाई. पर मला कळत न्हवतं, आन् म्या कळतंय म्हनून सही केली."

इतकी वर्षं मला वाटायचं, सर जमिनीला भितात.

वाडीत शाळेच्या पटांगणात सगळी म्हातारी माणसं जमली होती. साहेब खुर्चीत. सरांनी यंत्र दारात आणवलं, लोकांना सुई दिसेल असं ठेवलं आणि गुरुजींना म्हणाले, "लेझीम लावा." हलगी वाजली, एकशे दहा लेकरं नाचायला लागली, आणि सुई कागदावर थयथय नाचली. गुरुजींनी हात वर केला. लेकरं थांबली. सुई थांबली. क्षणभर कुणालाच काही कळलं नाही. मग पुढं बसलेल्या एका म्हातारीनं माझ्याकडं बोट केलं.

"आरं मुडद्या! माझा नातू नाचला तर त्याला भूकंप म्हनला व्हय रं?"

हशा असा उठला की त्यानंही सुई हलली असणार. लोक मांड्यांवर थापा मारत होते, एकमेकांच्या पाठीवर रडत होते. आठवडाभराची भीती माझ्या अंगावर ओतून मोकळे होत होते. मी ती आनंदानं अंगावर घेतली. संपलं होतं. साहेबांनी खिशातून कागद काढला. "झालं तर मग. घाबरण्याचे कारण नाही. सर, करा सही."

सर उभे राहिले. डोक्यावर आभाळच आहे ना, हे त्यांनी एकदा वर पाहून घेतलं, आणि तोंड उघडण्याआधीच मला कळलं की ते कुठल्या मराठीत बोलणार.

"लेकरांचं यंत्रात आलं, ते खोटं हाय. ती आमची चूक. पर तुमाला जिमिनीतून आवाज येतो, तो खरा हाय. आमच्या कागदावर बी एक बारका आलाय. तो कावून येतो, मला म्हाईत न्हाई. मोटा भूकंप व्हईल का न्हाई, ते बी म्हाईत न्हाई. कुनालाच म्हाईत नसतं. लेकरं शाळंत पाठवा, पर आभाळाखाली बसवा. बाजली खळ्यातच असू द्या. माळवदाखाली कुनी निजू नका."

हशा विझला. म्हातारी माणसं एकमेकांकडं पाहायला लागली. कुणीतरी लेकराला जवळ ओढलं.

साहेब लालबुंद झाले. "पुन्हा घाबरवलं लोकांना! सर, तुम्ही निवृत्त व्हायला आलात, तुमचं भागतं." मग त्यांनी कागद माझ्यापुढं धरला. आवाज एकदम मऊ. "तुम्ही तर आता आमच्यातलेच. पुढच्या आठवड्यात सरकारी. एका शास्त्रज्ञाची सही पुरे आहे. करा."

इथं जरा थांबतो. नंतरचं सगळ्यांना माहीत आहे. वाडीत तो आवाज अजूनही कधीमधी येतो, कारण अजून सापडलेलं नाही, यंत्र आम्ही शाळेपासून लांब माळावर नेलं आणि मी तिथं ठरल्या वारी नाही, जमेल तेव्हा जातो. ते पत्र माझ्या खणात पिवळं झालंय. पेला आता माझ्या टेबलावर असतो. सरांनी निवृत्त होऊन गावी पत्र्याची एक खोली बांधली, तिला चार दारं. माझे जे मित्र तिकडं गेले त्यांनी फार मोठी कामं केली, त्यांच्या यंत्रांची नावं ऐकून माझ्या तोंडाला पाणी सुटतं. विद्यार्थी विचारतात, "सर, तुम्ही विद्यापीठ निवडलं ते कसा विचार करून?" मी गंभीर चेहरा करून काहीबाही सांगतो.

खरी गोष्ट अशी की मी सही करणार होतो. पेन हातात होतं. मी वाकलो होतो. सरांकडं पाहायचं नाही असं ठरवून कागदाकडं पाहत होतो, आणि माझ्याच वाक्यातला 'घाबरण्याचे' हा शब्द नेमका पेनाच्या टोकाखाली आला होता. त्या रविवारच्या खडूंच्या पेटीचा खुळखुळ कानात वाजला. साहेब म्हणाले, "करा लवकर. कारण नाहीच आहे." आणि शाळेपासून शुद्ध मराठी बोलत आलेल्या, बक्षिसं मिळवलेल्या या तोंडातून, एवढ्या लोकांपुढं, निघून गेलं:

"न्हाई कसं, साहेब? मी सोता भ्यालोय की!"